दुसरी प्रत

जुन्या अल्बममधला एखादा कृष्णधवल फोटो त्याच्या चार कागदी कोपऱ्यांतून अलगद सोडवून उलटा करून पाहावा. मागे जांभळ्या शाईतला स्टुडिओचा शिक्का असतो, गावाचं नाव असतं आणि बऱ्याचदा पेन्सिलीनं लिहिलेला एक आकडा. हा निगेटिव्हचा नंबर. मुंबईच्या काकांना, मुलीच्या आजोळी किंवा एखाद्या स्थळाकडे पाठवायला आणखी एक फोटो हवा असला, की हा नंबर स्टुडिओत सांगायचा. फोटोग्राफर डबे धुंडाळून निगेटिव्ह काढायचा आणि चार दिवसांनी नवी कोरी प्रत पाकिटात घालून द्यायचा.

त्या नंबरामागे एक व्यवस्था होती आणि ती कुणी मुद्दाम उभारलेली नव्हती. फोटो काढण्याच्या रीतीतूनच ती आपसूक तयार व्हायची. निगेटिव्ह स्टुडिओत, एक प्रत घरच्या अल्बमात, एक माहेरी, एक नागपूरच्या आत्याच्या भिंतीवर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्यांच्या घरातलं होतं नव्हतं ते सगळं गेलं, त्यांनाही परगावच्या नातेवाइकाकडे आपल्या लग्नाचा एखादा फोटो निघेल, एवढी आशा ठेवता येत होती.

डिजिटल कॅमेरा आला आणि ही आशा गुपचूप निघून गेली. फोटो शेकडो पटींनी वाढले, प्रती मात्र एकीवर आल्या. छत्तीस फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरणारं घर आता एका बारशाचे सहाशे फोटो काढतं. ते लॅपटॉपवर उतरवले जातात, लॅपटॉप भरला की एका काळ्या चपट्या डबीत हलवले जातात, आणि ती डबी कपाटात दागिन्यांच्या शेजारी जाऊन बसते. ‘बॅकअप घेतलाय’ असं मग घरात सांगितलं जातं. पण लॅपटॉपवरून पुसून डबीत ठेवलेला फोटो ही अजूनही एकुलती एक प्रतच असते. फोटोंनी फक्त घर बदललेलं असतं.

ती डबी, म्हणजे हार्ड डिस्क, आतून कशी असते, हे एकदा पाहण्यासारखं आहे. झाकण काढलं की दिसते ती आरशासारखी लखलखीत तबकडी. तिच्यात पाहणाऱ्याचा चेहरा स्वच्छ दिसतो. बाजूला ग्रामोफोनच्या दांडीसारखा एक नाजूक हात. ग्रामोफोनची सुई तबकडीवर टेकून चालते, या हाताला मात्र टेकायची सक्त मनाई. त्याच्या टोकाचं ‘हेड’ फिरत्या तबकडीच्या वर, जेमतेम काही नॅनोमीटर अंतरावर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. माणसाचा केस ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे हे अंतर केवढं असेल याचा अंदाज करावा. खिशात मावणाऱ्या डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते. तिची कड ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वेगानं हेडखालून जात असते. टेबलावरच्या मोठ्या डिस्कचे ७,२०० फेरे धरले, तर हाच वेग ताशी सव्वाशेच्या पुढे जातो. चालू डिस्क टेबलावरून पडली, वायरीत पाय अडकून खेचली गेली, तर हेड तबकडीवर आपटतं आणि चुंबकीय लेप खरवडून काढतं. ज्या जागी लेप गेला, तिथला फोटो जगातलं कुठलंही यंत्र परत आणू शकत नाही.

हवेवरच्या या तरंगण्याचा एक परिणाम सहलीला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. नेहमीच्या डिस्क सुमारे तीन हजार मीटर उंचीपर्यंतच चालवायच्या, असं त्यांच्या माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. त्याहून वर हवा विरळ होते आणि हेडला पुरेसा आधार मिळत नाही. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. दर उन्हाळ्यात मराठी कुटुंबं लडाखला जातात आणि रात्री हॉटेलात बसून कार्डावरचे फोटो डिस्कवर उतरवतात. अशा ठिकाणी फिरते भाग नसलेली एसएसडी वापरावी, नाहीतर फोटो खाली येईपर्यंत कार्डांवरच राहू द्यावेत.

डिस्क बिघडू लागली की कधी कधी आवाज येतो. टक्, टक्, मग थोडी शांतता, पुन्हा टक्. हेड आपली ठरलेली खूण शोधत असतं, ती सापडत नाही म्हणून मागे येतं आणि पुन्हा प्रयत्न करतं. हा आवाज कानावर पडताच डिस्क बंद करावी; आणखी एकदा लावून पाहण्याच्या मोहात उरलेला लेपही जातो. पण आवाज येणं हेही एका अर्थी नशीबच. २००७ साली गुगलच्या तीन अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. त्या नोंदींपैकी ज्या चार धोक्याच्या सर्वांत ठळक खुणा ठरल्या, त्यांपैकी एकही खूण न दाखवता बंद पडलेल्या डिस्क निम्म्याहून जास्त निघाल्या, ५६ टक्क्यांवर. काल चालू होती, आज नाही. जुना अल्बम पिवळा पडतो, वाळवी लागली तर कोपऱ्यातून दिसते, हळूहळू का होईना सावध करतो. डिस्क बहुतेक वेळा तेवढीही सवड देत नाही.

मग किती डिस्क जातात? बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी लोकांचे बॅकअप सांभाळते आणि आपल्या डिस्कचा हिशोब २०१३पासून जाहीर करत आली आहे. तिच्याकडच्या सुमारे तीन लाख डिस्कमध्ये २०२४ सालात बंद पडण्याचं प्रमाण १.५७ टक्के होतं. शंभरात दीड हा आकडा ऐकून हायसं वाटेल. पण या डिस्क थंड खोलीत, पक्क्या चौकटीत बसवलेल्या असतात. त्यांना कुणी रिक्षातून नेत नाही, त्यांच्यावर चहा सांडत नाही, वीज जाऊन येताना त्यांना झटके बसत नाहीत. शिवाय हा आकडा एका वर्षाचा आहे, आणि मुलाच्या बारशाचे फोटो त्याच्या लग्नापर्यंत टिकायला हवे असतात.

दुसरी डिस्क घेतली की हाच हिशोब कसा पालटतो, ते पाहावं. वर्षाला शंभरात दीड हे प्रमाण धरलं, तर दोन्ही डिस्क एकाच वर्षी जाण्याची शक्यता साडेचार हजारांत एकाच्या आसपास येते. मात्र एक अट आहे: दोघींवर येणारी संकटं वेगवेगळी हवीत. एकाच खणात ठेवलेल्या दोन डिस्क एकाच पुरात भिजतात, एकाच चोरीत जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, २२ जुलै २०२१ला चिपळूण. तळमजल्यावरचं कपाट पाण्यात गेलं, तर आतल्या डिस्क किती हे पाणी मोजत नाही.

एक जागा कितीही भक्कम असली तरी ती एकच जागा असते. जॅक लो हा जॉन केनेडींचा खास छायाचित्रकार. सिनेटर असल्यापासून व्हाइट हाउसपर्यंत त्यानं केनेडी कुटुंबाचे हजारो फोटो काढले. सुमारे चाळीस हजार निगेटिव्ह त्याच्याकडे होत्या, आणि त्यांची किंमत ओळखून त्यानं त्या बँकेच्या तिजोरीत ठेवल्या. न्यूयॉर्कमध्ये याहून सुरक्षित ठिकाण कोणतं असणार? ही तिजोरी होती वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ५ क्रमांकाच्या इमारतीत. मे २००१मध्ये लो वारला. चार महिन्यांनी ११ सप्टेंबर उजाडला आणि सगळ्या निगेटिव्ह नष्ट झाल्या.

वाचलं ते वेगळंच. निगेटिव्हच्या पट्ट्या कागदावर ठेवून त्यांच्याच आकाराचे ठसे काढतात, निवड करण्यासाठी. त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. टपाल तिकिटाहून किंचित मोठे फोटो आणि त्यांवर फोटोग्राफरच्या मेणखडूच्या खुणा. लोच्या या कामचलाऊ शीट दुसरीकडे ठेवलेल्या होत्या. पुढे वॉशिंग्टनच्या न्यूझियम या वृत्तसंग्रहालयानं त्या स्कॅन केल्या, शेकडो तास खर्चून एकेका फोटोवरच्या खुणा आणि ओरखडे काढले, आणि २०१३ साली त्यांचं प्रदर्शन भरवलं. ज्या कागदांना लोनं तिजोरीत ठेवण्याइतकंही मोल दिलं नव्हतं, ते दुसऱ्या जागी होते म्हणून टिकले.

आपल्याकडे लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना ही धाकधूक रोजची. सप्तपदी पुन्हा चालता येत नाही आणि कन्यादान करणाऱ्या बापाच्या डोळ्यांतलं पाणी रिटेक देत नाही. म्हणून चांगल्या कॅमेऱ्यांत दोन कार्डांची सोय असते आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहिला जातो. २०१८ साली निकॉननं झेड ६ आणि झेड ७ हे नवे कॅमेरे एकाच कार्डाच्या खाचेसह आणले, तेव्हा जगभरच्या व्यावसायिक फोटोग्राफरांनी नाराजी व्यक्त केली. दोन वर्षांनी दुसरी आवृत्ती आली ती दोन खाचा घेऊन. घरच्यांनीही हे समजून घ्यावं. फोटोग्राफरनं पेनड्राइव्ह हातात दिला, की ‘त्याच्याकडे असतीलच’ या भरवशावर राहू नये. तो दर हंगामात हजारो फोटो काढतो आणि जुनी लग्नं पुसून डिस्क मोकळी करतो. स्टुडिओतल्या निगेटिव्हच्या डब्यांचा काळ आता उरला नाही.

डिस्क गेलीच, तर लोक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची वाट धरतात; पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असला तरी तोंडात अजून तेच नाव आहे. ‘डेटा रिकव्हरी’ची पाटी कुठेही दिसते, पण तिथे विचारायचा पहिला प्रश्न पैशांचा नसावा. डिस्क उघडावी लागली तर ती कुठे उघडणार, हे विचारावं. त्यासाठी धूळमुक्त ‘क्लीन रूम’ लागते. तिथे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कमधली हेड काढून या डिस्कला बसवतात, आणि ती जेवढा वेळ चालेल तेवढ्यात आतला मजकूर जसाच्या तसा दुसरीकडे उतरवून घेतात. हे काम खर्चाचं आहे आणि यशाची हमी कुणी देत नाही. घरी स्क्रू काढून पाहणं किंवा फ्रीजरमध्ये ठेवणं असले ऐकीव उपाय उरलीसुरली शक्यता घालवतात.

कार्डावरचे फोटो चुकून पुसले गेले असतील, तर गोष्ट तितकी वाईट नसते. पुसताना बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका जाते, फोटो जागेवर असतात. त्यांच्यावर नवं काही लिहिलं गेलं की मात्र संपलं. म्हणून त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये. फोटोरेकसारखा मोफत प्रोग्रॅमही अशा वेळी कामाला येतो.

‘पण आमचे फोटो तर गुगलवर असतात’ हे उत्तर आता घरोघरी ऐकू येतं, आणि ते बरंच खरं आहे. फोन हरवला, बुडाला, तरी फोटो राहतात, ही मोठीच सोय. तरीही तिच्या अटी ठाऊक हव्यात. मे २०१५मध्ये गुगल फोटोज सुरू झालं तेव्हा किंचित आकार कमी केलेले फोटो कितीही ठेवा, पैसे नाहीत, असं आमंत्रण होतं. १ जून २०२१पासून ते बंद झालं आणि मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबीवर आलं. ती जागा भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं. ‘स्टोरेज फुल’ची सूचना मात्र अनेक ज्येष्ठ मंडळी जाहिरात समजून बाजूला सारतात. दुसरी अट जास्त महत्त्वाची. फोन आणि गुगल एकमेकांशी जोडलेले असतात. त्या ॲपमधून फोटो पुसला की तो वरूनही पुसला जातो आणि साठ दिवस कचरापेटीत राहून कायमचा जातो. व्हॉट्सॲपवर फिरलेले फोटो ही प्रतच, पण आकार कमी झालेली. ग्रुपवरचा आजोबांचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायला जावं, तेव्हा त्यातला पातळपणा दिसतो.

जोडलेपणाचा हा फटका किती जोराचा बसू शकतो, हे मॅट होनान या अमेरिकी पत्रकारानं सोसलं आहे. ‘वायर्ड’ मासिकात तो तंत्रज्ञानावरच लिहीत असे. ऑगस्ट २०१२मध्ये हॅकरनी त्याच्या खात्यात शिरून फोन, टॅब्लेट आणि लॅपटॉप दुरूनच पुसून टाकले. त्यांना हवं होतं ते त्याचं ट्विटरवरचं तीन अक्षरी नाव. बाकीचं नुकसान वाटेत झालं. लॅपटॉपवर त्याच्या लेकीचे जन्मापासूनचे फोटो होते. बॅकअप नव्हता. शेवटी १,६९० डॉलर मोजून त्यानं एका रिकव्हरी कंपनीकडून बरेचसे फोटो परत मिळवले. सगळं जाणणाऱ्या माणसाचं असं झालं, म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटते. ज्ञान होतं, पण दुसरी प्रत करायचं राहून गेलं होतं.

मोठ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं. ज्यांचे बॅकअपही तिथेच होते, त्यांचा मजकूर कायमचा गेला. सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचारी कागदपत्रं ठेवत असलेला ८५८ टेराबाइटचा साठा नाहीसा झाला. त्याची दुसरीकडे प्रत नव्हती.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं डिजिटल फोटो सांभाळण्यावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यातून ‘तीन-दोन-एक’ हा नियम जगभर पोचला. फोटोच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घरगुती भाषेत सांगायचं तर एक लॅपटॉपवर किंवा फोनवर, एक सुट्या डिस्कवर, आणि एक इंटरनेटवर किंवा परगावी. मराठी मुलखाला हे परकं वाटू नये. दासबोधाची कल्याणस्वामींच्या हातची प्रत डोमगावच्या मठात राहिली आणि ग्रंथाच्या नकला मठामठांतून होत गेल्या. एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात समर्थांनी लेखनक्रियेचं निरूपण केलं आहे. अक्षर कसं असावं, पोथी कशी जपावी, हे त्यांना ग्रंथात सांगावंसं वाटलं. पुढे शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून बाडं जमवून धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात आणली, तीही कुणीतरी, कधीतरी नकला करून ठेवल्या होत्या म्हणून.

नक्कल केली की ती मूळ पोथीशी ताडून पाहायची, हा त्या कामाचाच भाग असे. आजच्या बॅकअपमध्ये नेमकं हेच राहून जातं. १९९८ साली पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचं काम चालू असताना कुणाकडून तरी पुसण्याची एक आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली आणि पडद्यावरची पात्रं एकामागून एक नाहीशी होऊ लागली. चित्रपटाचा बहुतेक भाग गेला. बॅकअपच्या टेपा होत्या, पण त्या बऱ्याच दिवसांपासून नीट भरल्याच जात नव्हत्या आणि हे कुणी तपासलेलं नव्हतं. गॅलिन ससमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक चादरींत गुंडाळून, गाडीत जपून बसवून स्टुडिओत आणला गेला. स्टुडिओतल्या यंत्रणेनं दगा दिला आणि तान्ह्या बाळाच्या घरातली प्रत कामाला आली.

म्हणून डिस्कवर फोटो चढवले की तिथूनच दहा-वीस उघडून पाहावेत, आणि मगच मूळ जागेवरचे पुसायचा विचार करावा. सुटी डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. सतत जोडलेली राहिली तर लॅपटॉपवर आलेला व्हायरस तिच्यावरही जातो. एसएसडी पडण्या-आपटण्याला जास्त तग धरते, पण ती वर्षानुवर्षं विजेविना कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. तिच्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो. आणि घरात हे सगळं एकाच माणसाला माहीत असणं हा स्वतंत्र धोका आहे. वडील जातात, त्यांच्याबरोबर पासवर्ड जातो, आणि वीस वर्षांचे फोटो असूनही कुणाला उघडता येत नाहीत. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला त्यातला मजकूर मिळावा, अशी सोय गुगलमध्ये आहे. ती करायला दहा मिनिटं लागतात. दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसून टाकण्याचा अधिकारही त्याच कंपनीनं स्वतःकडे ठेवलेला आहे, म्हणून ही दहा मिनिटं आजच काढावीत.

इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले विंट सर्फ यांनी फेब्रुवारी २०१५मध्ये शास्त्रज्ञांच्या परिषदेत जे सांगितलं, ते या क्षेत्रातल्या माणसाकडून अनपेक्षित होतं: जे फोटो मनापासून हवे आहेत, ते कागदावर छापून ठेवा. वर्षाचे दहा-बारा फोटो निवडून छापणं कुणालाही परवडतं, आणि निवडायला बसलं की त्या वर्षात नेमकं काय घडलं, हेही आठवतं. मागे तारीख आणि माणसांची नावं लिहायला विसरू नये.

जगात ३१ मार्च हा ‘बॅकअप दिन’ म्हणून २०११पासून पाळला जातो. आपल्याकडे मार्चअखेर कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यापेक्षा भाऊबीज बरी. वर्षातून एकदा भाऊ बहिणीच्या किंवा बहीण भावाच्या घरी नक्की जाते, आणि दोन घरं दोन वेगळ्या पत्त्यांवर, बऱ्याचदा दोन वेगळ्या गावांत असतात. एक-एक टीबीच्या दोन डिस्क घ्याव्यात. जाताना आपली भरलेली डिस्क मऊ कापडात गुंडाळून फराळाच्या पिशवीत घालावी, ओवाळणी झाली की ती तिथल्या कपाटात ठेवावी आणि त्यांची आपल्याकडे आणावी. पुढच्या वर्षी अदलाबदल. लेक अमेरिकेत असेल तर डिसेंबरच्या सुट्टीत तिच्या सामानातून एक डिस्क जाऊ शकते; आजोळचा एक खण तिकडेही असू द्यावा.

डिस्क कपाटात ठेवण्याआधी ती लॅपटॉपला जोडावी. २००९ किंवा २०१४, कुठल्याही वर्षाचं एखादं फोल्डर उघडावं, एक फोटो पूर्ण पडदाभर मोठा करून कडा नीट आल्यात का पाहावं. आजीच्या आवाजातला एखादा व्हिडिओ असेल, तर तो मध्ये बंद न करता शेवटपर्यंत चालू द्यावा.